बाहेरचा माइक

“पण भन्ते, तुमचा आवाज मागे राहावा असं आम्हाला वाटतं, हीसुद्धा तृष्णाच नाही का?”

प्रशिक रामटेके विचारत होता. विचारता विचारता त्याचे हात माइकची तार उलगडत होते.

भन्ते उपसेन भिंतीला टेकून चटईवर बसले होते. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला.

“तार जोडून झाली का?” ते म्हणाले.

प्रशिक जरा हिरमुसला. नागपूरहून निघाल्यापासून त्यानं तो प्रश्न मनात घोळवला होता.

नागभीडच्या पुढे हा विहार. भोवती धानाच्या बांध्या, बांध घातलेली छोटी छोटी शेतं, आणि त्यांना पाणी देणारी बोडी, एक लहानसं तळं. लहानपणी प्रशिक इथंच वंदना शिकला, पाली वाचायला शिकला, तेही भन्तेंकडूनच. आता तो नागपुरात राहायचा. दर रविवारी मोबाइलवरून लोकांना सुत्तं समजावून सांगायचा आणि हजारो माणसं ऐकायची. गावी आला की म्हातारी माणसंही त्याला शंका विचारत. त्याला ते आवडे.

भन्तेंच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढायचं ठरवलं होतं. त्यानंतर भन्ते बोलू शकणार नव्हते. तोवरही कमीच बोला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा गावानं ठरवलं की, एकदा तरी भन्तेंचं बोलणं नीट भरून ठेवायचं. प्रशिकनं ते काम मागून घेतलं. साध्या मोबाइलवर नको, म्हणाला. त्यासाठी त्यानं नवा यूएसबी माइक आणि आपला टॅब आणला होता.

माइकची पिन चपटी आणि टॅबचं तोंड बारीक. मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लावावा लागला. तो बसला तसा माइकवर निळा दिवा उजळला. टॅबच्या पडद्यावर एक चौकटही उमटली. ती काहीतरी विचारत होती. प्रशिक त्या वेळी भन्तेंना एका सुत्ताचा दाखला देत होता. त्यानं न वाचताच बोटानं चौकट बाजूला सारली.

भन्तेंनी विचारलं, झालं का सगळं?

दिवा लागलाय ना, प्रशिक म्हणाला. माइक त्यानं भन्तेंच्या पुढ्यात ठेवला आणि टॅब स्वतःच्या मांडीवर घेतला.

भन्ते बोलू लागले. आवाज घोगरा होता, पण थांबत नव्हता.

गावातल्या लोकांना वाटलं होतं, ते धम्मावर बोलतील. ते आईबद्दल बोलले. चीवर घेऊन भिक्खू झाल्याला बरीच वर्षं झाली होती, तेव्हा आई शेवटच्या आजारात असल्याचा निरोप आला. ते घरी गेले. उशाशी बसून त्यांनी त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. आई म्हणाली, ते मला पाठ आहे. तू मला आपल्या बांध्यांची नावं सांग.

मग त्यांनी एकेका बांधीचं नाव घेतलं. मोहाची. लंबी. आंब्याखालची...

प्रशिकला इथं एक गाथा आठवली. मरणाच्या वेळी मन कशावर ठेवावं, याबद्दलची. अगदी चपखल बसत होती. त्यानं ती म्हटली, अर्थही सांगितला, आणि भन्तेंना विचारलं की, त्यांना हेच म्हणायचं आहे ना?

भन्ते त्याच्याकडे बघत राहिले. मग पुढं बोलू लागले. मधूनमधून प्रशिकचे प्रश्न येत होते. प्रश्न लांब असायचे, उत्तरं आखूड. पडद्यावरची आवाजाची रेघ वरखाली होत होती. तिच्याकडे बघून प्रशिकला समाधान वाटत होतं.

बोलणं संपलं तेव्हा भन्तेंनी घशाला हात लावला. पाणी प्यायले.

प्रशिकनं रेकॉर्डिंग लावलं.

आधी त्याच्याच श्वासाचा आवाज आला. मग मांडी बदलल्याचा. मग त्याचा हुंकार, मोठा, जवळचा. गाथा खणखणीत ऐकू आली. अर्थही.

आणि भन्ते... कुठंतरी पलीकडच्या खोलीत बसून बोलावं तसे. कान लावला तर एखादा शब्द हाती लागायचा.

प्रशिकनं आवाज वाढवला. वाढला तो त्याचाच.

त्यानं माइकच्या जाळीवर नख घासून पाहिलं. पडद्यावरची रेघ ढिम्म. टॅबच्या कडेवर टिचकी मारली. रेघ उसळली.

निळा दिवा अजून जळत होता. माइकपर्यंत वीज पोचत होती, पण टॅब सकाळभर आपल्याच कानानं ऐकत होता. आणि तो कान होता प्रशिकच्या मांडीवर.

त्यानं तार उपसली, पुन्हा खोचली. मघाचीच चौकट पुन्हा उमटली. या वेळी त्यानं ती वाचली. बाहेरून जोडलेल्या माइकला परवानगी द्यायची का, एवढंच ती विचारत होती.

त्यानं होकार दाबला. जाळीवर नख घासलं. रेघ हलली. त्यानं नवं रेकॉर्डिंग सुरू केलं.

हे सगळं भन्ते बघत होते. काय झालं ते प्रशिकनं खाली मान घालून सांगितलं. चूक यंत्राची आहे, असं म्हणावंसं त्याला एकदा वाटलं. तो म्हणाला नाही.

“भन्ते, पुन्हा एकदा सांगाल? थोडंसंच. आता येतंय.”

भन्तेंनी घशाकडे बोट दाखवलं. मान हलवली.

मग ते पुढं वाकले. माइकची बैठक दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो फिरवला. जाळी प्रशिककडे झाली.

“तू सांग.”

“मी काय सांगू?”

“सकाळी मी काय बोलून राहिलो होतो, ते.”

प्रशिकनं तोंड उघडलं... आणि थांबला.

त्याला गाथा आठवत होती. तिचा अर्थ आठवत होता. पडद्यावरची रेघ आठवत होती. भन्तेंचं बोलणं मात्र चाळणीतून पाणी जावं तसं गेलं होतं.

बाहेर बांधीत कुणीतरी बैलाला हाकारत होतं. माइकनं तेही टिपलं.

बऱ्याच वेळानं त्यानं सुरुवात केली. भन्तेंची आई आजारी होती, म्हणाला. भन्ते भेटायला गेले. त्यांनी त्रिशरण म्हटलं, पण आईला ते नको होतं. आईला बांध्यांची नावं ऐकायची होती. प्रशिक चाचपडत, एकेक शब्द शोधत बोलत होता. असं तो रविवारी कधी बोलला नव्हता. दाखला एकही सुचला नाही, आणि सुचला नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

“मोहाची,” तो म्हणाला. “लंबी. आंब्याखालची. आणि...”

पुढचं नाव येईना. त्यानं डोळे मिटले. तिथं त्याची स्वतःचीच गाथा वाजत होती.

“भन्ते, त्याच्यापुढची कोणती?”

त्या दिवशी त्यानं विचारलेला हा सगळ्यात आखूड प्रश्न.

भन्ते पुढं सरकले. माइकजवळ तोंड नेलं.

“बोडीकडची,” ते म्हणाले. “ती मीही विसरलो होतो. आईनं सांगितली.”

घोगरा आवाज, धापेसकट, जसाच्या तसा त्यात उतरला. मग ते मागे सरून भिंतीला टेकले. आता पुन्हा बोलायला लावू नये, हे प्रशिकला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

त्यानं रेकॉर्डिंग बंद केलं. नवं जपून ठेवलं. त्याच्याच वर सकाळचं दिसत होतं, लांबलचक, त्याच्या आवाजानं भरलेलं. गावातल्या कुणी ते ऐकलं तर, या विचारानं त्याचे कान तापले.

“सकाळचं पुसून टाकतो, भन्ते. त्यात तुम्ही फार लांबून ऐकू येता.”

भन्तेंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“राहू दे. तेवढ्याच लांब होतो मी.”