चंचीचं माहेरचं नाव

ऐका हं. एका गावात चंची नावाची नवी नवरी आली. सासूबाईंना काही ते नाव पसंत पडेना. म्हणून लग्नातच ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, राजसलक्ष्मी. नाव पालखीएवढं आणि मुलगी चिमणीएवढी! कुणी त्या नावानं हाक मारली की तिला वाटायचं, आपल्या मागे दुसरंच कुणी उभं आहे.

मग एकदा काय झालं, तिचा नवरा रंगोबा दरबारात गेला. समोर तबक, तबकात विडा. पाहुण्यांसाठीच असणार, म्हणून त्यानं तो तोंडात टाकला. पण तो होता पैजेचा विडा, बरं का. जो उचलेल त्यानं नदी अडवून बसलेल्या राक्षसाला हटवायचं. नाही जमलं, तर थेट त्याच्या पोटात.

सासूबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलं. "मेल्या, घरी काय पानं मिळत नव्हती?"

चंचीनं मात्र खणाचा तुकडा घेतला. कप्प्याला कप्पा शिवला, पान-सुपारी भरली, गुंडाळी करून नाडी बांधली. म्हणाली, "चला, मीही येते."

राक्षस म्हशी खाऊन नदीत आडवा पसरला होता. पोट टम्म! "खाऊ तुम्हाला?"

"खा की, मामा. पण जागा कुठंय? आधी विडा घ्या, जिरेल."

मग एका कप्प्यातून पान काढलं, चुना लावला.

"आता खाऊ?"

"थांबा, सुपारी राहिली."

"आता?"

"वेलदोड्याशिवाय विडा कसला, मामा?"

मग राक्षसानं विडा उचलला. मिटक्या मारत खाल्ला. ओठ लालभडक!

चंची म्हणाली, "आमच्यात विडा उचलला की काम अंगावर येतं. उठा, नदी सोडा."

"मला कुठं माहीत होतं?"

"ह्यांना तरी कुठं माहीत होतं?"

आता खाल्लेला विडा परत कसा करणार? राक्षस कुरकुरत उठला नि डोंगरापलीकडे गेला. पाणी खळाळत गावात आलं.

राजा म्हणाला, "माग, पोरी."

"ह्या पिशवीला माझं माहेरचं नाव द्या."

मग दवंडी पिटली. घरोघरी तशा पिशव्या शिवल्या. सासूबाईंच्या कमरेलाही एक आली, आणि रोज हरवायला लागली.

"अगं राजसलक्ष्मी, माझी चंची कुठंय?"

"ही काय, सासूबाई, इथंच आहे," ती हसून म्हणायची.

तर अशी सगळी सुखात राहिली, पान खात. तुम्हाला पान नाही हं. डोळे मिटा बघू.