व्हरांड्यातली सातवी

९ जानेवारी, गुरुवार. कडाक्याची थंडी. नऊपर्यंत धुकं, मग स्वच्छ ऊन.

माझी मुलगी रेवा चौथीत आहे. ती गणितं सगळ्यांच्या आधी संपवते आणि पुढचं विचारत राहते, म्हणून तिला व्हरांड्यात बसवतात. जूनपासून ती तिथे एकटीच बसते. घरी आम्ही दोघंच. हल्ली ती माझ्याशीही फारसं बोलत नाही. आज मी मुख्याध्यापक दिघे सरांकडे गेलो. गणिताच्या तासापुरतं तिला सातवीत बसू द्या, म्हणालो.

“अहो सुतार, उद्या म्हणाल तिला माझ्या खुर्चीत बसवा. चौथीची पोर सातवीच्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. नियम आहे.”

“मग तिनं बसायचं कुठे?”

“व्हरांड्यातच. मी स्वतः जागा नेमून दिलीय. तिथून तिला कुणी उठवणार नाही.”

सातवीच्या गणिताच्या धारप बाई तेवढ्यात हजेरीची सही करायला आल्या होत्या.

मी म्हणालो, “नियम मोडायला नकोच, सर. रेवा आहे तिथेच राहू दे. थंडीत तुम्ही वर्ग उन्हाला बसवताच. सातवीला व्हरांड्यात आणा.”

सर म्हणाले, “आणि थंडी संपल्यावर?”

“मग खोलीचा पत्रा तापतो, सर,” धारप बाई सही करत म्हणाल्या.

सरांनी चष्मा पुसला आणि हातानेच ‘जा’ म्हणून खूण केली.

साडेदहाच्या गणिताच्या तासाला सातवीची बत्तीस मुलं व्हरांड्यात बसली. रेवा धरून तेहतीस.