खारीने लावलेली कुंती

बाळांनो, एका खडकाळ डोंगरात सिंहाची गुहा होती आणि गुहेजवळच्या सावरीवर एक खार राहत असे. एकदा सिंहाने फर्मावले, "गुहेपुढे सुगंधी बाग हवी!" मोर लगेच बागेचा मुख्य झाला. खार भीतभीत म्हणाली, "महाराज, कुंती लावू या, ते पांढऱ्या फुलांचे झुडूप. फुलांना गोड वास असतो, आणि एकदा मूळ धरले की ती पाणी मागत नाही." मोर हसला. "लाव की, त्या दगडांच्या कोपऱ्यात!"

खारीने बी पेरले. उन्हाळाभर ती झऱ्यात शेपटी बुडवायची, धावत यायची आणि रोपाशी पिळायची. तळपायांची सालटी निघाली. हत्ती, हरिण, माकड सारे रोज बघत. रोप सावरल्यावर मात्र तिने पाणी तोडले, म्हणजे मुळे खोल जातील.

पुढे सलग दोन वर्षे पावसाने दडी मारली. झरा आटला, मोराची जास्वंद आणि कर्दळ जळून गेली. कुंती तेवढी पांढरीशुभ्र फुलली. सिंहाने वास घेऊन विचारले, "हे झुडूप कोणी लावले?"

"मीच, महाराज," मोर म्हणाला.

"महाराज, ते मी..." खार पुढे झाली.

"एवढीशी तू?" सिंहाला हसू आवरेना. "ही तर फळे चोरायला येते," मोराने सांगून टाकले. त्या दिवसापासून खारीला बाग बंद झाली.

पाऊस परतला, झरा वाहू लागला. आणखी फुले यावीत म्हणून मोराने हत्तीला रोज सोंडभर पाणी ओतायला लावले. "अरे, मुळे कुजतील!" खार झाडावरून ओरडत राहिली. कोणी वर पाहिले नाही. महिन्याभरात पाने पिवळी पडली आणि कुंती वाळली.

"खारीने मुळे कुरतडली," मोर म्हणाला. खारीने हत्तीकडे पाहिले, हरणाकडे पाहिले, माकडाकडे पाहिले. "तुम्ही तरी बोला ना!" हत्ती सोंडेने माती चिवडत राहिला. हरणाने मान खाली घातली. माकडाने पाठ फिरवली. सिंहाने खारीला डोंगराबाहेर हाकलले. ती गेली, तेव्हा तिला निरोप द्यायलाही कोणी आले नाही.

तात्पर्य : खोटे बोलणारा एकटाच असतो, त्याला जिंकवतात ते खरे ठाऊक असूनही गप्प बसणारे.