आधी मुलं, मग नाकतोडा

ऐका, ऐका! एक होता नाकतोडा. हिरवागार. लंबूटांग्या. बडबड्या नंबर एक. कोण म्हणून काय विचारता? मीच तो!

एकदा मी उडी मारली. टुण्ण! कुठे पडतोय ते बघावं की नाही? छे! बघेल तो मी कसला! पडलो बाभळीवर. कच्च! मागच्या पायात काटा. गेली माझी उडी. मला रडूच आलं. उडी नाही, तर मी म्हणजे नुसती गवताची काडी.

लंगडत लंगडत शाळेत गेलो. खुरड टुक, खुरड टुक. शाळेत होता नवा दवाखाना. एवढीशी खोली. आत मालन सिस्टर. कापूस होता, चिमटा होता. मूल मात्र एकही नव्हतं.

"सिस्टर, सिस्टर, काटा काढा!"

"काढते की! पण हा दवाखाना मुलांचा. आधी मुलं, मग नाकतोडा. जा, मुलं घेऊन ये."

"हात्तिच्या! एवढंच?"

खुरड टुक, खुरड टुक. मैदानात मुलं खेळत होती. मी दगडावर चढलो. छाती फुगवली. दवंडी दिली, "चला, चला, दवाखान्यात चला! सुई नाही टोचणार! औषध नाही कडू! दुखणार नाही मुळीच!"

"सुई?" "कडू?" "दुखणार?"

धूम! मुलं पळाली भिंतीमागे. वा रे मी! बोलवायला गेलो आणि पळवून बसलो.

मग भिंतीपाशी जाऊन हळूच म्हणालो,

"मुलं येतील, तर सिस्टर काटा काढतील.
काटा निघाला, की उडी मिळेल मला!"

मुलं म्हणाली, "आमच्या बाई तरी कुठे जातात? बाई आल्या तर येऊ."

खुरड टुक, खुरड टुक. बाई वर्गात होत्या. गालावर हात धरून.

"बाई येतील, तर मुलं येतील.
मुलं येतील, तर सिस्टर काटा काढतील.
काटा निघाला, की उडी मिळेल मला!"

बाई हळूच म्हणाल्या, "दाढ दुखते रे माझी. पण भीती वाटते. खिचडीवाल्या मावशी आल्या तर येते."

खुरड टुक, खुरड टुक. मावशी खिचडी ढवळत होत्या. खदखद, खदखद.

"मावशी येतील, तर बाई येतील.
बाई येतील, तर मुलं येतील.
मुलं येतील, तर सिस्टर काटा काढतील.
काटा निघाला, की उडी मिळेल मला!"

मावशी म्हणाल्या, "अरे, बोट भाजलंय माझं. यायचंय मलाही. पण झाकण मोडलंय, आणि तो बघ खिडकीत कावळा! टपलाय मेला खिचडीवर. कावळा उडाला तर येते."

खुरड टुक, खुरड टुक. चढलो खिडकीजवळच्या फळीवर.

"कावळा उडेल, तर मावशी येतील.
मावशी येतील, तर बाई येतील.
बाई येतील, तर मुलं येतील.
मुलं येतील, तर सिस्टर काटा काढतील.
काटा निघाला, की उडी मिळेल मला!"

कावळा म्हणाला, "काव! मी फुकट उडू होय? आधी तू उडी मारून दाखव!"

घ्या! उडीसाठीच तर ही सगळी वणवण! पण करतो काय? मारली उडी. एक पाय वर, एक पाय तिरका. टु... धप्प! थेट हळदीच्या डब्यात!

बाहेर आलो तो पिवळाधमक.

"काव काव काव! नाकतोडा की कांदाभजी?" कावळा हसला, हसला, घसरला. भुर्रर्र!

कावळा उडाला, मावशी आल्या.
मावशी आल्या, बाई आल्या.
बाई आल्या, मुलं आली.

सिस्टरनी मावशींच्या बोटाला मलम लावलं. गार गार! बाईंनी तोंड उघडलं. आऽऽ! मुलं बघतच राहिली. मग कुणी कान दाखवला, कुणी डोळा दाखवला.

"झालं? आता मी!" मी म्हणालो.

"आधी मुलं," सिस्टर म्हणाल्या. "टेबलाखाली कोण आहे ते?"

टेबलाखाली होती छोटी ठकी. गुडघा खरचटलेला. डोळ्यांत पाणी.

ठकीनं मला विचारलं, "नाकतोड्या, दुखतं का रे?"

जिभेवर आलंच होतं, 'मुळीच नाही!' पण गिळलं.

"मला नाही गं ठाऊक. मलाही भीती वाटते."

ठकी बाहेर आली. नाक पुसलं. म्हणाली, "मग मी आधी जाते. तू बघ हं."

सिस्टरनी औषध लावलं. "आई गं!" ठकी म्हणाली. मग फूऽऽ फूऽऽ. मग हसली.

"आता तू," ठकी म्हणाली. तिनं एका बोटानं मला धरलं. चिमटा आला. सुर्रक!

केवढ्यानं ओरडलो मी! ठकीच्या दुप्पट! सगळी शाळा हसली. काटा निघाला आणि उडी मिळाली मला.

टुण्ण! टुण्ण! टुण्ण!

काटा गेला केरात, उडी माझी जोरात, आता जा पाहू घरात!