सोडखिंडीची कुत्री आणि राजकन्येची झोप

एका राज्यात सगळं होतं. विहिरींना पाणी होतं, कणग्यांत जोंधळा होता, आणि आंब्यावर बसून राघू-मैना वाटसरूंना पत्ते सांगत. राजा सुकेतू न्यायाला चोख होता, शत्रू त्याच्या नावानं चळाचळा कापत. त्या राज्याला खोड एकच. कुत्रं म्हातारं झालं, लंगडं झालं, नाहीतर नुसतंच नकोसं झालं, की त्याला गाडीत घालायचं, वेशीपल्याडच्या डोंगरखिंडीत नेऊन सोडायचं आणि मागं न बघता घरी यायचं. खिंडीचं नावच पडलं होतं सोडखिंड. राजापासून रंकापर्यंत सगळे तेच करत, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसत नसे. बघा म्हणजे माणसाची जात!

त्याच खिंडीच्या तोंडाशी साळू राहत होती. बाप धनगर. तो वारला, मेंढरं भावांनी वाटून घेतली, साळूच्या वाट्याला रिकामा गोठा आला. तो तिनं कुत्र्यांना दिला. सकाळी उठावं, भाकऱ्यांची चवड थापावी, ताकाचं मडकं डोक्यावर घ्यावं आणि खिंडीत जाऊन हाळी द्यावी, "या गं बायांनो, या रे बाबांनो!" जे येईल त्याला खाऊ घालावं, जे येणार नाही त्याच्यापाशी बसून राहावं. गोठ्यात आणून गोचिड्या काढाव्यात, खरजेला करंजाचं तेल लावावं, मोडक्या पायाला बांबूच्या कामट्या बांधाव्यात. आणि कुत्रं धडधाकट झालं की त्याला घर बघावं.

घर बघण्याची तिची रीत न्यारी. लेकीला स्थळ बघावं तशी ती उंबरे पालथे घाली. कुत्रं घेऊन स्वतः जाई, ओसरीवर बैठक मारी आणि म्हणे, "मी काही बोलणार नाही. तुम्ही आपली कामं करा." कुत्रं कोपरा धरी, कान पाडून दाराकडं टक लावून बसे. घरातलं कुणी तुकडा घाली, कुणी नुसतंच शेजारी बसे. शेवटी कुत्रं दाराकडं पाठ करून, पाय ताणून घोरायला लागलं, की साळू पदर झटकून उठे. "लाभलं घर," म्हणे आणि चालू लागे. नाही झोपलं, तर कुत्र्यासकट माघारी. मग ते घर पाटलाचं असो नाहीतर पुजाऱ्याचं.

लोक म्हणत, "हिला वेड लागलंय."

साळू म्हणे, "तुम्हालाही लागलं असतं तर माझं काम हलकं झालं असतं."

इकडं राजवाड्यात ढाण्या नावाचा कुत्रा होता. राजकन्या चारुलेखा आईवेगळी पोर. ती पाळण्यात होती तेव्हा ढाण्या पाळण्याखाली, ती चालू लागली तेव्हा तिच्या पावलामागं. पण वय कुणाला चुकलंय? ढाण्याचे सांधे धरले, आणि एके दिवशी भर दरबारात, परदेशच्या वकिलासमोर, त्यानं गालिचा ओला केला. दरबार खुदखुदला. राजा लाजला, आणि लाजलेला राजा रागावलेल्या राजापेक्षा वाईट.

"सोडा त्याला खिंडीत!"

चारुलेखेनं रडून आकांत मांडला. राजा म्हणाला, "उगी. नवं पिल्लू आणू." जसा काही फुटला माठ, आणला माठ!

आता सोडखिंडीच्या वर, गुहेत, धूमकंठ नावाचा मांत्रिक राहत होता. तसा बापडा कुणाच्या अध्यात ना मध्यात. ढग वळावेत, मातीच्या माशांना पोहायला शिकवावं आणि मग निवांत झोपावं, एवढाच त्याचा संसार. पण टाकलेली कुत्री खिंडीत रडत, आणि त्याची झोपमोड होई. ढाण्या आला त्या दिवशी त्यानं असा हंबरडा फोडला की गुहेचा दगड तडकला. धूमकंठ डोळे चोळत बाहेर आला.

"कुणाचा तू?"

"राजा सुकेतूचा होतो," ढाण्या म्हणाला. मांत्रिकांना कुत्र्यांची भाषा येतेच.

धूमकंठाचं माथं भडकलं. ओंजळीत पाणी घेतलं आणि फेकलं. "ज्यानं माझी झोप मोडली, त्याच्या काळजाच्या तुकड्याची झोप मोडो!"

झालं. त्या क्षणी चारुलेखेचे डोळे सताड उघडले ते मिटेनात. वैद्यांनी खसखशीचे लेप लावले, गायकांनी अंगाई गायल्या, आणि गाता गाता गायकच झोपले. पोर वाळत चालली. बोलणं तुटक, हात थंड. "बाबा, मला निजव ना," म्हणायची, आणि एवढा शत्रूंचा काळ ठरलेला राजा खांबाआड जाऊन ढसाढसा रडायचा.

एके सकाळी खिडकीत टिटवी येऊन बसली.

"राजा, मी खिंडीची टिटवी. खिंडीवरच्या धूमकंठ मांत्रिकाचा निरोप आहे."

"बोल."

"तुझ्या राज्यानं टाकलेलं शेवटचं कुत्रं ज्या घडीला घरात निर्धास्त झोपेल, त्याच घडीला तुझी लेक झोपेल. उशीर केलास तर लेक हाती लागायची नाही. धूमकंठालाही आता वाईट वाटतंय, पण सुटलेला शाप त्याच्याही हातात नाही."

राजा म्हणाला, "एवढंच ना?" आणि दवंडी पिटवली. दर उंबऱ्याला एक कुत्रं, दिवस मावळायच्या आत. न घेईल त्याच्या पाठीवर कोरडे. शिपायांनी जाळी टाकून कुत्री धरली. साळूचा गोठाही झाडून नेला. ती दारात आडवी पडली, तिला बाजूला लोटलं. घरोघर कुत्री बांधली गेली.

हुकमानं कुठं झोप येते? कुत्री रात्रभर विव्हळली. सगळं नगर तारवटलेल्या डोळ्यांनी उठलं. लोकांनी दावी सोडली आणि गुपचूप खिंडीचा रस्ता धरला. त्यातले कैक शहाणे तर म्हणाले, "जातोच आहोत, तर आपलंही म्हातारं नेऊन सोडू!" खिंडीत आधीपेक्षा जास्त कुत्री झाली, आणि चारुलेखा पाण्याचा घोटही घेईना.

तेव्हा राजा स्वतः साळूकडं निघाला. सोडखिंडीला एक गुण होता. घोड्यावरून येणाऱ्यासाठी ती लांबत जाई. राजा दौडत राहिला, खिंड लांबत राहिली. शेवटी उतरून पायी चालला, तेव्हा कुठं साळूचं खोपट दिसलं. ती एका लंगड्या कुत्र्याचा पाय बांधत होती.

"महाराज, उठता येत नाही. मांडीवर जीव आहे."

"बसून राहा. साळू, माझं चुकलं. लेक हातची चाललीय. काय करू सांग."

साळूच्या डोळ्यांत पाणी आलं, रागही आला. "माझी सगळी मेहनत तुमच्या शिपायांनी एका दुपारीत मातीत घातली. तुम्हाला दारातून हाकलून दिलं असतं, महाराज. पण पोरीनं काय घोडं मारलंय? करून दाखवा. तीन कामं आहेत."

"सांग."

"पहिलं. त्या कपारीत एक तांबडी कुत्री आहे. माणूस दिसला की फाडते. तिला दोरीवाचून आणा."

राजा भाकरी घेऊन कपारीपाशी गेला. तांबडीनं अंगठा फोडला. राजानं तलवारीला हात घातला नाही, पण मनात आलं, 'ये म्हणतो तर ये!' आणि हातातली भाकरी दगड झाली. दुसरी घेतली. पुन्हा मनात हुकूम आला, पुन्हा दगड. तिथं दगडांचा ढीग लागला. उन्हं कलली, राजा थकला, हुकूम करायचं त्राणच उरलं नाही. "बाई, तुलाही कंटाळा आला असेल," असं म्हणून तो भाकरी पुढं धरून नुसता बसला. भाकरी भाकरीच राहिली. तांबडीनं ती हातातून घेतली आणि त्याच्या मागोमाग चालत आली.

"दुसरं," साळू म्हणाली. "घरं बघायची. माझ्या रीतीनं."

राजा लंगड्या कुत्र्याला घेऊन पहिल्या दारी गेला. घरधनी लटपटत म्हणाला, "घेतो महाराज, घेतो!" कुत्रं दाराकडं बघत ताठ बसलं ते बसलंच.

"उठा," साळू म्हणाली. "भ्यालेल्या घरात कुत्रं झोपत नसतं."

मग राजानं मुकुट पाटीत ठेवला, वर घोंगडं टाकलं, आणि दोघं ठकू कुंभारणीच्या अंगणात गेली. ठकूनं राजाला ओळखलं नाही.

"बसायचंय? मग ते चाक फिरव. माझा धनी गावाला गेलाय."

राजानं चाक फिरवलं. ठकूनं येता-जाता कुत्र्याला शिळी भाकरी घातली, "काय रे तीनपाई?" म्हणून त्याची पाठ थोपटली. कुत्रं भट्टीच्या उबेला सरकलं, दाराकडं पाठ केली आणि घोरू लागलं. राजा चिखलाच्या हातांनी उडीच मारून ओरडला, "लाभलं घर!"

"हळू!" साळू दटावून म्हणाली. "उठेल ना ते!"

हात बसला मग राजाचा. बहिरं कुत्रं लोहाराकडं दिलं, त्याला घणाचं काय? बुजरं कुत्रं एकट्या राहणाऱ्या विणकराकडं, तिथं मोठ्यानं बोलायला कुणी नव्हतंच. तांबडी मात्र कुणाकडं टिकेना. तिला सेनापतीच्या बायकोनं हसत ठेवून घेतलं. म्हणाली, "अगदी माझ्यासारखी आहे." शिपाई जाळी बाजूला ठेवून ताकाची मडकी वाहू लागले. ज्यांनी कुत्री सोडली होती, ते मान खाली घालून आपापली परत न्यायला आले. साळूनं त्यांनाही सोडलं नाही. ओसरीवर बसली, कुत्रं झोपलं तेव्हाच उठली.

खिंड रिकामी झाली. राजा धावत महालात गेला. चारुलेखेचे डोळे उघडेच होते. त्यानं तिथंच खाली बसकण मारली.

खिडकीतून टिटवी म्हणाली, "एक राहिलंय राजा. तुझंच."

"हेच तिसरं," मागून आलेली साळू म्हणाली.

राजा खिंड चढून धूमकंठाच्या गुहेत गेला. तिथं सोन्याच्या पट्ट्यांचा ढीग होता. राजघराण्यानं पिढ्यान् पिढ्या टाकलेल्या कुत्र्यांच्या गळ्यातले पट्टे ते. त्यांना हात लावील तो माणूस जन्मभर भुंकत राही. ढाण्या त्या ढिगावर पडला होता, त्याच्याही गळ्यात पट्टा. राजाला पाहून त्यानं तोंड फिरवलं. राजाचा हात सवयीनं पट्ट्याकडं गेला आणि वेळीच थांबला.

"ढाण्या, मी तुला टाकलं. माझ्यासाठी येऊ नकोस. पण आपली चारू झोपलेली नाही रे."

चारूचं नाव ऐकताच ढाण्याचे कान उभे झाले. तो कण्हत उठला, एक पाय, मग दुसरा. गळ्यातला पट्टा आपोआप गळून पडला. राजानं त्याला खांद्यावर घेतलं आणि खिंड उतरला. या वेळी खिंड इतकी आखूड झाली की पावलं टाकता टाकता महाल आला.

भर दुपार होती. ढाण्यानं चारुलेखेचा थंड हात चाटला, तिच्या पलंगाखाली शिरला आणि दाराकडं टक लावून बसला. भाकरी नको, मांस नको, मऊ गादी नको. साळू भिंतीला टेकून बसली होती. राजानं तिच्याकडं पाहिलं.

"काय करू?"

"मी काही बोलणार नाही," साळू म्हणाली.

पोरीचा श्वास बारीक झाला होता. राजानं कुत्रा बघत होता तिकडं पाहिलं. दारात भालेकरी उभे होते, ढाण्याला उचलून नेणारे तेच. राजानं त्यांना जायला सांगितलं. मग स्वतः उंबऱ्यावर बसला, पाय आडवे पसरले. प्रधान कागद घेऊन आला, त्याला हातानंच परत पाठवलं. ऊन सरकत राजाच्या गुडघ्यावर आलं. ढाण्या उठला, राजाचे चिखलानं माखलेले हात हुंगले, बराच वेळ हुंगले. मग पलंगाखाली परतला, दाराकडं पाठ केली, पाय ताणले, आणि घोरू लागला.

चारुलेखेच्या पापण्या मिटल्या.

साळू पदर झटकून उठली. "लाभलं घर," ती हळूच म्हणाली.

आणि मग काय तो सोहळा! नगरभर बातमी पसरली, पण खाणाखुणांनी. नगारखान्यावर गोधड्या टाकल्या, हत्तींच्या घंटांत कापूस कोंबला. लोक चवड्यांवर नाचले, तोंडावर हात धरून हसले, मुक्यानं साखर वाटली. वर गुहेत धूमकंठही झोपला, आणि त्याच्या घोरण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पोर मनसोक्त झोपली. उठली ती आळस देत, गालांवर लाली घेऊन.

"बाबा, भूक लागलीय!"

तेव्हा गोधड्या उडाल्या आणि नगारा असा झडला की डोंगर दणाणले. त्या आवाजानं राज्यातली झाडून सारी कुत्री जागी झाली आणि आपापल्या दारात उभी राहून, मालक असल्यासारखी, जोरजोरानं भुंकली. खिंडीतून एकही आवाज आला नाही.

राजानं कुत्र्यांबद्दल नवा हुकूम काढला नाही. तेवढं शिकला होता तो. सकाळी भाकऱ्यांची पाटी घेऊन साळूच्या मागं दारोदार जाऊ लागला, मग त्याच्या मागं राज्य जाऊ लागलं. तर ऐकणारे हो, त्या लेकीला लाभली तशी गाढ झोप तुमच्या घरादाराला लाभो. आणि दाराशी कुणी शेपूट हलवत उभं राहिलंच, तर आधी तुकडा घाला, विचार मागाहून करा.