पहिला ठोका

फार जुनी गोष्ट आहे. कुठल्या राज्यातली, ते मला विचारू नका. तेव्हा घरोघरी तांब्याच्या घागरीतले पाणी पीत असत, एवढे मात्र नक्की.

एका गावात एक तांबट राहत होता. त्याच्या घरामागे लांबलचक पडवी होती आणि तिथे त्याचे कारागीर ओळीने बसून हंडे-घागरी घडवत. त्या घरची एक रीत होती. पत्रा कोणताही असो, त्यावर पहिला ठोका मालकाने घालायचा आणि मगच कारागिराने हातोडा उचलायचा. ही रीत तांबटाच्या वडिलांनी पाडली होती. त्यांच्या काळी पडवीत एकच ऐरण होती आणि वडील दिवसभर तिच्याशेजारीच बसलेले असत.

मुलाच्या काळात काम वाढले, ऐरणी वाढल्या. रीत तीच राहिली. नवा मालक मात्र पडवी सोडून चावडीवर बसू लागला. आपल्या भांड्यांची तारीफ ऐकायला त्याला फार आवडे, आणि ती पडवीपेक्षा चावडीवर जास्त ऐकू येई.

ऊन चांगले वर आले की तो पडवीत डोकावे. पाहतो तो हातोडे खाली, कारागीर हात बांधून बसलेले. त्याचे डोके फिरत असे. समोरच्या पत्र्यांवर घाईघाईने ठोके घालून, सगळ्यांना चार शब्द सुनावून तो पुन्हा चावडीवर जाई. मग काम जोरात चाले. पण हातातले भांडे पुरे झाले की पुढच्या पत्र्यासाठी पुन्हा मालकाची वाट पाहणे आले.

भांडी वेळेवर होईनात. गिऱ्हाइके हेलपाटे घालून कंटाळली. तांबटाने उपाय सुरू केले. आधी दुपारचा विसावा बंद केला, मग पानसुपारी बंद केली, शेवटी आपसात बोलणेही बंद केले. घागरी पहिल्याइतक्याच होत राहिल्या. उपाय करणाऱ्याकडून एकच जागा तपासायची राहून गेली होती, आणि तिथे तो स्वतः बसत होता.

कारागिरांत लिंबाजी सगळ्यांत जुना. त्याने तांबटाला अंगाखांद्यावर खेळवले होते आणि तांबट त्याला लहानपणापासून काका म्हणत असे. एकदा लिंबाजी चाचरत म्हणाला, "मालक, पहिला ठोका आम्हीच घातला तर?"

"माझा हात लागल्याशिवाय या घरचं भांडं होत नाही, काका," तांबट म्हणाला. लिंबाजीने तो विषय पुन्हा काढला नाही.

तांबटाच्या घरी एक राघू होता. कानावर पडलेले तो जसेच्या तसे बोलून दाखवी. तांबटाने त्याचा पिंजरा पडवीत टांगला. त्याचा हिशेब सरळ होता. हातोडे चालू असले की त्या दणदणाटात राघूला कुणाचे बोलणे ऐकू जाणार नाही. म्हणजे तो जे शिकेल, ते काम थांबलेले असतानाचेच बोलणे असेल. कामचोर कोण, ते त्याच्या तोंडून कळेल. आपल्या या हुशारीवर तांबट खूश झाला आणि ती सांगायला चावडीवर गेला.

शेजारच्या गावच्या पाटलांनी मुलीच्या लग्नासाठी भांडी सांगितली होती. ठरल्या दिवशी ते बैलगाडी घेऊन आले. दारात माणसे जमली. मागे पडवीत जाऊन पाहतात तो निम्मी भांडी झालेली आणि बाकीचे पत्रे कोरे. पाटलांनी आवाज चढवला नाही. रुखवतात आता काय मांडू ते तुम्हीच सांगा, एवढेच ते म्हणाले.

तांबटाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. ती लाज आपल्या अंगाला चिकटू नये म्हणून त्याने ती दुसऱ्याच्या अंगावर टाकली. लिंबाजीकडे बोट करून तो म्हणाला, "मी कधीही आलो तरी हा हात बांधून बसलेला. लिंबाजी, आजपासून या पडवीत पाऊल ठेवू नकोस."

काका हा शब्द त्याने त्या दिवशी वापरला नाही, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आले. लिंबाजीने हातोडा ऐरणीवर ठेवला, पागोटे सारखे केले आणि मान खाली घालून तो माणसांमधून निघून गेला.

"खोटं वाटत असेल तर या राघूला विचारा," असे म्हणत तांबटाने पिंजऱ्यावर टिचकी मारली.

"मालक आले का?" राघू म्हणाला. आवाज हुबेहूब लिंबाजीचा.

तांबटाने पुन्हा टिचकी मारली. "ऊन वर आलं. मालक आले का?" हा दुसऱ्या कारागिराचा आवाज. मग तिसऱ्याचा, तोच प्रश्न. कुणी हसले नाही. पाटलांनी विचारले तेव्हा एका कारागिराने खाली बघत पहिल्या ठोक्याची रीत सांगितली. तेवढ्यात राघू पुन्हा लिंबाजीच्या आवाजात बोलला, "त्यांना नावं ठेवू नका रे. कामात असतील."

तांबटाला तोंड लपवायला जागा उरली नाही. लिंबाजीच्या मागे त्याच वेळी धावायला हवे होते, हे त्याला कळत होते. पण एवढ्या माणसांच्या डोळ्यांसमोरून जायची त्याची छाती झाली नाही. तो घरात शिरला आणि बायकोलाही तोंड दाखवेना. ऐरणीपासून दारापर्यंत, एवढ्या माणसांच्या नजरेखालून त्याने लिंबाजीला केवढे अंतर चालायला लावले होते, ते त्याला आता समजले.

बऱ्याच दिवसांनी मन घट्ट करून तो निघाला, तोवर लिंबाजी दूरच्या गावी दुसऱ्या तांबटाकडे कामाला लागला होता. तांबट त्याच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "काका, चुकलो. परत चला."

"राग नाही रे बाळा," लिंबाजी म्हणाला. "पण इथं सकाळी आलो की हातोडा उचलतो. वाट बघण्यात माझी किती वर्षं गेली, ते इथं आल्यावर कळलं. आता हे सोडवत नाही."

तांबट एकटाच परतला. त्याने पहिल्या ठोक्याची रीत मोडली, विसावा आणि पानसुपारी पुन्हा सुरू केली आणि स्वतः कोपऱ्यातल्या एका ऐरणीवर बसू लागला. भांडी वेळेवर होऊ लागली. पिंजऱ्याचे दारही त्याने उघडले, पण राघू पडवीच्या आढ्यावरच राहिला. रोज सकाळी, हातोडे सुरू होण्याआधी, तो लिंबाजीच्या आवाजात विचारी, "मालक आले का?"

"आलो, काका," तांबट हळूच म्हणे, आणि त्याची मान वर होत नसे.

म्हणून लहानथोरांनो, दुसऱ्याचे हात रिकामे दिसले तर त्याला आळशी म्हणण्याआधी तो आपलीच वाट बघत नाही ना, हे पाहावे.