कासारणीचा घास

एका नगरात एक कासारीण राहायची. जिभेची तिखट, पण हाताची इतकी हलकी, की बांगड्या भरताना लहान पोरसुद्धा हूं की चूं करायची नाही.

एका वैशाखात पाण्याचा ठणठणाट झाला. वद्य अष्टमीला माणसं रिकाम्या घागरी घेऊन राजवाड्याच्या तलावावर गेली. पाणी मागायलाच गेली होती बिचारी! राजाने तटावरून बाण सोडायला लावले. कितीतरी जण तिथेच पडले. कासारणीचा एकुलता एक लेकही त्यांत होता.

पुढच्या वर्षी त्या तिथीला घरोघरी कावळ्यांसाठी घास ठेवले गेले. राजाच्या डोळ्यांत ते सलले. त्याने दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! वैशाखात अष्टमीला काहीही घडलेलं नाही. त्या दिवशी जो कावळ्याला घास ठेवील, त्याला नगराबाहेर हाकलण्यात येईल हो!" भटजी तर इतके घाबरले, की त्या पंधरवड्यात सप्तमीनंतर थेट नवमी सांगू लागले. घ्या!

पुन्हा ती तिथी आली. लोकांनी दारं लावून घेतली. कासारणीने मात्र लेकाच्या आवडीची गूळपोळी केली आणि ओट्यावर पान मांडलं. कोतवाल धावत आला.

"मावशी, हे कोणासाठी?"

"लेकासाठी."

कोतवालाच्या मुलीला लग्नाचा चुडा तिनेच भरला होता. तो हळूच म्हणाला, "तापाने गेला म्हणा ना. मी काही पाहिलं नाही असं समजा."

कासारीण घुटमळली. या वयात घर सुटलं तर जायचं कुठे? एवढं एक खोटं बोललं की सुटका होती.

"तापाने गेला असता, तर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या असत्या रे मी," ती म्हणाली. "तेवढंही नशिबात नव्हतं. बाणाने गेला माझा लेक. अष्टमीलाच गेला."

तिला दरबारात उभं केलं. तिथे एक अतिशहाणा प्रधान होता. तो राजाच्या कानाशी लागला, "महाराज, हिला हाकललं तर गावभर बोभाटा होईल. त्यापेक्षा सगळ्यांना रोजच घास ठेवायला लावू. मग तो एक दिवस कोणाच्या ध्यानात राहणार?" राजा खूश झाला. कासारणीला सोडून दिलं आणि नवी दवंडी फिरली.

झालं! घरोघरी रोज घास, आणि घरोघरी पोरांचा एकच प्रश्न, "आई, हे गं कोणासाठी?" आया सांगू लागल्या. जे वर्षातून एकदा दाराआड कुजबुजायचे, ते आता रोज सकाळी अंगणात बोलू लागले.

हुकूम राजवाड्यालाही होता. राजाची चिमुरडी नात रोज पान घेऊन सज्जात जायची. पण तिथला घास काही केल्या कावळा शिवेना.

"आजोबा, सगळ्यांच्या घरी कोणीतरी आहे. आपण कोणासाठी ठेवतो?"

राजाला जेवण गोड लागेना. शेवटी त्याने कासारणीला बोलावलं.

"म्हातारे, आमच्या घासाला कावळा का शिवत नाही?"

"कोणाचं नावच घेतलं नाही, तर येणार कोण, महाराज?"

राजा आसनावरून उठून तिच्यासमोर आला. मग म्हणाला, "तुझ्या लेकाचं नाव काय होतं?"

दरबारातल्या कोणीही कासारणीला हे कधी विचारलं नव्हतं. "नरहरी," ती म्हणाली. "मी नऱ्या म्हणायचे."

राजा स्वतः पान घेऊन सज्जात गेला. कासारणीला बोलावल्याचं कळून खाली चौकात माणसं जमली होती. "नरहरी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अष्टमीला बाण सोडायचा हुकूम माझा होता. चूक माझी होती."

ते ऐकलं आणि कासारीण तिथेच सज्जाच्या पायरीवर बसली. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच तिने हंबरडा फोडला. तिला कोणी गप्प केलं नाही. कावळा आला, तेव्हा तिचं लक्षही नव्हतं.

तात्पर्य काय, तर तिथी पुसली म्हणून दुःख पुसलं जात नाही. झालेलं कबूल करावं, तेव्हाच ज्याचं माणूस गेलं त्याला मोकळं रडता येतं.